कोरडं कुंकू

रविवारी दुपारी दोनला राजरत्नने लॅपटॉपचं झाकण सुटं केलं आणि आतलं पाणी कापसाने टिपून घेतलं. सांगलीत त्या दिवशी उघडं असलेलं संगणक दुरुस्तीचं दुकान हे एकच. समोर स्टुलावर वीरधवल बसला होता. कालव्याचा सर्व्हे करणारा इंजिनिअर, गाव कुंडल.

"साहेब, झाकणावर हळदीकुंकू, आत पाणी. नारळ न्हाई फोडला व्हय ह्याच्यावर?"

"परवा खंडेनवमीला वडिलांनी पूजा केली. घरातली सगळी अवजारं मांडली होती."

वीरधवल हसला नाही. साताऱ्याच्या ऑफिसात मशीन जोडून फाइली उतरवून घ्यायच्या, शिवारात काम करायचं आणि परत जोडून तिकडची प्रत ताजी करायची, अशी पद्धत होती. यंदा गणपतीपासून तो साताऱ्याला फिरकलाच नव्हता. ऑफिसात होता तो जुना नकाशा, कालवा बनाबाईच्या वस्तीतून नेणारा. नवी मोजणी फक्त ह्या मशीनमध्ये होती. तिच्यात वस्ती वाचत होती आणि कालवा वीरधवलच्या घरच्या उसातून जात होता. उद्या अकराला साताऱ्यात बैठक. समोर येईल तो नकाशा कायम होणार.

मोजणीच्या वेळी बनाबाई टेपेमागून चालत राहिली होती. "सायेब, आमची घरं ऱ्हात्यात न्हवं?" तो "राहतात" म्हणाला होता.

कालवा आपल्या उसातून जाणार आणि ती मोजणी फक्त मशीनमध्ये आहे, हे त्याने वडिलांना, आप्पांना, पूजेच्या आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. आप्पा भाकरी अर्धी ठेवून उठले.

राजरत्नने डिस्क काढून दुकानातल्या मशीनला जोडली. बराच वेळ नुसती घरघर झाली. मग पडद्यावर नावं उमटली.

"ही बघा तुमची मोजणी. डिस्कला कायबी झालं न्हाई. बाकीचं मशीन गेलंय, पर ही वाचली."

वीरधवल उठून उभा राहिला, परत बसला.

"फोन करू का घरी?"

"करा की."

फोन आप्पांनीच उचलला. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पहिल्याच घंटेला उचलायची सवय.

"उघडलं का रं मशीन?"

"आप्पा, नवमीला बंदूक पुजली न्हवं तुमी?"

"दर साली पुजतो. का?"

"पाणी शिंपडलं तिच्यावर?"

आप्पा मोठ्याने हसले. "खुळा का काय तू? बंदुकीला कोण पाणी लावतंय? फूल आन् कोरडं कुंकू. ट्रॅक्टरच्या बॅटरीलाबी मी कवा थेंब लागू..."

हसणं मध्येच थांबलं. वायरीतून अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

"आप्पा?"

"तुजी आई जेवायची थांबलीया," आप्पा म्हणाले. मग, "फाइल घावली का न्हाई, त्ये सांग."

वीरधवलने वायर बोटाभोवती गुंडाळली. राजरत्न नवी फ्लॉपी घालून उभा होता. लेबलचा कागद त्याने पुढे धरला आणि पेनचं टोपण काढलं.

"साहेब, उतरवली. वर काय लिहू?"

"वीर?" आप्पांचा आवाज आला. "ऐकतोयस न्हवं?"

"ऐकतोय," वीरधवल म्हणाला.

साडेतीन वाजले होते. साताऱ्याची गाडी साडेचारला होती. लेबल कोरं होतं.