अडकलेलं पातेलं

त्या दिवशी सकाळीच माझं अन् हेडमास्तरांचं वाजलं. मी शाळेत खिचडी शिजवते म्हनून काय कुनीबी माझ्या सैपाकघरात पोरं कोंबावीत? पन हेडमास्तर सुनील सर ज्ञानेश्वरीला दंडाला धरून घेऊन आले. म्हनले, "लंकाबाई, तालुक्याचे साहेब तपासणीला येतायत. त्यांनी हिला वाचायला लावलं तर शाळेची लाज जाईल. ते जाईपर्यंत हिला इथंच बसवा."

पोरगी सातवीत. डोकं तल्लख, पन अक्षरं काय तिच्या डोळ्यांपुढं ठरत न्हाईत. सोताचं नाव लिव्हताना घाम फुटतो. विज्ञानाच्या भार्गवीबाईंनी तिला महिनाभर उष्णता शिकवली, ती पुस्तक मिटून. "थंडीत एका गोधडीत कसे चिकटून झोपता? अन् उन्हाळ्यात अंगणात लांब लांब? धातूचे कणही तसेच," म्हनायच्या. चुलीतल्या पळीचा चटका दांड्यापर्यंत कसा येतो, तेबी दावलं. बांधकामावर बाया घमेली हातोहात पुढं देत्यात, तसा. आज सायबाला समदं सांगायचं म्हनून पोरगी नव्या रिबिनी लावून आल्ती. अन् आता कोपऱ्यात बसून मुळूमुळू रडाय लागली. माझं काळीज तुटलं, पन मला रडाय सवड कुठं हुती?

खिचडीचं जर्मनचं, म्हंजी अल्युमिनचं, पातेलं दुसऱ्यात अडकून बसल्यालं. आदल्या दिवशी मीच घासून एकात एक घातल्यालं. वढलं, ठोकलं, कडंनं तेल सोडलं. शेवटी आतल्या पातेल्यात उकळतं पानी वतलं. मेलं आनखीच घट्ट बसलं!

ज्ञानेश्वरी रडायची थांबली. "मावशे, काय करतीस? आतलं फुगवतीस व्हय?"

"मग तू काढ, लई शानी!"

ती उठली. आतलं पानी मोठ्या परातीत वतलं, वर चुलीवरलं आनखी घातलं, अन् त्यात पातेली ठिवली. आतल्यात रांजनातलं गार पानी भरलं. जरा दम खाल्ला, अन् वढलं. टकदिशी निघालं!

"आगं माजे बाय!" मी वरडले. वळून बघते तर दारात साहेब, मागं सुनील सर.

"सर," साहेब म्हनले, "गार पाणी आतच का घातलं?"

"साहेब, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात."

"ते झालं. पण आतच का?"

सरांनी परत तेच वाक्य म्हनलं.

ज्ञानेश्वरीला काय दम निघंना. "आतल्याला थंडी वाजली, त्यानं अंग चोरलं. भायेरच्याला उकडलं, ते सैल पसरलं. मधी फट पडली. त्यात काय एवढं!"

साहेब हसले. "कितवीत गं तू?"

"सातवीत."

"मग वर्ग सोडून इथं?"

"सरांनीच बसवलं. तुमी जाईस्तवर."

सरांचं तोंड असं झालं की मला हसू आवरंना, पदर तोंडात कोंबला. साहेब म्हनले, "चल, हेच वर्गात सांग सगळ्यांना."

पोरगी फ्रॉकला हात पुसत निघाली. दारात थबकली, मागं बघितलं. सर अजून चुलीपाशीच उभे.

"सर, तुमी येताय न्हवं?" ती म्हनली. "का सायेब जाईस्तवर हितंच बसताय?"