भिया राहिले म्हणून

यतीन पुराणिकला आठवडाभर एका जागी बसवत नव्हतं. विजय नगरच्या ऑफिसात, आपल्या केबिनमध्ये खुर्चीत टेकायचा, उठायचा, खिडकीशी जायचा, पुन्हा टेकायचा. जिवाला चैन म्हणून नाही. स्नेहलतागंजातल्या गॅरेजात सुरू केलेली त्याची चंबळ टेलिकॉम दिल्लीच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली होती, आणि तरीही सीईओ तोच राहणार होता. ज्याला त्याला 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणणारं अख्खं इंदूर म्हणत होतं, वा भिया, किस्मत!

किस्मत कसली डोंबलाची! खुर्चीबरोबर जे आलं होतं ते दोघांनाच ठाऊक: यतीनला आणि दिल्लीच्या कंपनीने पाठवलेल्या यशवर्धनला. दिवाळी झाली की इथलं कॉल सेंटर बंद. फोन घेणारी सगळी माणसं घरी. आणि तोवर कुणाला कुणकुणही लागता कामा नये, कारण लोक आधीच पांगले तर तक्रारी ऐकणार कोण?

"इसीलिए तो आप चाहिए, सर," यशवर्धन गोड हसून म्हणाला होता. "आप हैं, तो लोग शांत हैं."

यतीनने मान डोलावली होती. आत राहिलो तर चार जणांना तरी दुसरीकडे चिकटवता येईल, अशी मनाची समजूत घातली होती. समजूत काही पटली नाही. तेव्हापासून जेवण गोड लागेना आणि बायकोशी धड बोलवेना.

त्यात आज कॉल सेंटरवाल्यांनी त्याच्यासाठी पार्टी ठेवली. का, तर भिया राहिले म्हणून! पोहे-जलेबी, फुगे, टाळ्या, सगळा थाट. यशवर्धन मोबाइलवर फोटो काढत होता. दिल्लीला पाठवायचे होते ना त्याला! यतीनच्या हातातली पोह्यांची बशी मात्र तशीच होती.

शोभनाताई जवळ आल्या. कॉल सेंटरच्या प्रमुख, गॅरेजच्या दिवसांपासून बरोबर. तेव्हा त्या एकट्याच फोन घ्यायच्या आणि लोकांच्या शिव्याही एकट्याच खायच्या.

"एक सांगू का भिया? मला भोपाळहून बुलावा आलाय. मॅनेजर की पोस्ट. घरचे म्हणतात जा, मर्जर के बाद क्या भरोसा! मी म्हटलं, अरे, भिया आहेत ना, मग टेन्शन कशाचं? आत्ता जाऊन 'नाही' कळवून टाकते."

यतीनने बशी टेबलावर ठेवली. यशवर्धन हाकेच्या अंतरावर होता. नुसतं हसून 'बरं' म्हटलं असतं, तरी निभावलं असतं.

"'नाही' कळवू नका, ताई," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "कुणीच कुणाला 'नाही' कळवू नका! दिवाळीनंतर हे सेंटर बंद होतंय. ज्याला जिथे मिळेल तिथे नोकरी धरा. मी राहिलोय ते तुम्ही गप्प बसावं म्हणून!"

"सर, ये आप क्या कर रहे हैं?" यशवर्धन धावत आला.

"नौकरी छोड़ रहा हूँ. कळव दिल्लीला."

हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला, असं यतीनला वाटलं. आता कुणी पाठीवर हात ठेवेल, निदान 'वा भिया' म्हणेल, असंही वाटलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" शोभनाताईंनी विचारलं.

"सोमवारपासून."

"आपल्या सेंटरचा अर्पित बुधवारी आला होता तुमच्याकडे. दुसऱ्या कंपनीत निवड झालीये, जाऊ का, असं विचारायला. काय म्हणालात त्याला?"

अर्पित जलेबीचं ताट धरून समोरच उभा होता. यतीनला सगळं आठवत होतं. अर्पितच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला होता, "कशाला जातोस? मी आहे ना!"