निवडीचं पिलू

मोगरी माझ्याबरोबर टोकावड्याला आली, ती कुणी दिली म्हणून नव्हे. लग्नाची गाडी किन्हवलीहून निघाली तशी ती मागे धावत सुटली. माझ्या बाबाने तिला हुसकलं, ढेकळं मारली, शेवटी हात टेकले आणि व्याह्यांना म्हणाला, "असू दे, आंदण समजा." आंदणात गाय येते, हंडा येतो. आमच्या सुनेबरोबर कुत्री आली, असं माझी सासू धोंडीबाई वर्षभर आळीत सांगत फिरली.

मग त्याच कुत्रीने रानात एकटीने डुकराला अडवून धरलं. ही गोष्ट मुरबाडच्या लाकडाच्या ठेकेदाराच्या कानावर गेली. त्याच्याकडे विलायती कुत्रा होता, चांगला वासराएवढा, आणि घाटात शिकारीला येणारे साहेब त्याच्या एकेका पिलाला दहा रुपये देत. माझा नवरा चंदर दिवसभर त्याच ठेकेदाराची लाकडं वाहायचा तेव्हा कुठे चार आणे मिळायचे. दहाचा आकडा ऐकल्यापासून धोंडीबाई मोगरीला 'बाय' म्हणायला लागली. मला अजून 'ए' म्हणूनच हाक होती.

कुत्रीला आपला कुत्रा दाखवायचे ठेकेदार पाच रुपये घेई. तेही आधी, पिलं होवोत न होवोत. रोख नसेल त्याने एक पिलू द्यायचं. माझे सासरे देवजी पिलावर कबूल झाले आणि शेटला कसं फसवलं म्हणून खूश होऊन घरी आले. आमच्या घरी शेळीला परक्याचा बोकड दाखवला की पहिलं जन्मलेलं करडू बोकडवाल्याला देत, बाकीची आपली. सासऱ्यांनी तीच रीत कुत्रीला लावली. मोगरीला सहा पिलं झाली. पहिली आली ती मरतुकडी मादी. सासऱ्यांनी तिच्या गळ्यात लाल दोरा बांधला, "ही शेटची" म्हणाले आणि उरलेल्या पिलांचे सौदे तोंडी करूनही टाकले.

मोगरी व्याली तेव्हा मला सहावा सरत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायचं काही नव्हतंच. सातव्यात बाबा गाडी घेऊन येणार होता. आठव्यात बाईला गाडीत बसवत नाहीत आणि नवव्यात एवढी वाट झेपत नाही, म्हणजे सातवा चुकला की चुकलंच. इतर पोरींना माहेरी लाड हवे असतात. मला जीव हवा होता. माझी थोरली जाऊ आदल्या साली याच घरात बाळंतपणात गेली. सुईण कशाला, मी आहे की, असं म्हणत धोंडीबाईने सकाळची संध्याकाळ केली होती. आणि माझी आई सुईण होती. अख्ख्या किन्हवलीची पोरं तिच्या हातावर आली होती.

थोड्याच दिवसांत ठेकेदाराचा माणूस राघो आला. लाल दोरा बघून तो पोट धरून हसला.

"पहिलं नाय वो देवजीकाका, निवडीचं! पिलं दीड महिन्याची होऊ द्या. मंग मी येनार, पाय बघनार, दात बघनार नि चांगलं ते उचलनार. तवर एक पन पिलू इकायचं नाय. किती हायत?"

मोजायला तो वाकला तशी मोगरी अंगावर धावली. तो मागे सरला, आणि सासरे घाईने बोलून गेले, "पाच."

"पाचातलं एखादं मेलं तर शेट रोख घेल. नि परत कुत्रा दावनार नाय," असं बजावून राघो गेला.

आता सांगितलेली पाच आणि लपवलेलं एक, सगळीच जगवायची होती, आणि मोगरी माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती. सासऱ्यांच्या मनगटाचा तिने लचका काढला. धोंडीबाईने ठेवलेल्या पेजेला तोंड लावेना. ती बाहेर जाऊ नये म्हणून तिला साखळी घातली, आणि ती ओरडू नये म्हणून मला तिच्यापाशी बसवलं. गोठ्याला खिडकी नव्हती. पोटातलं पोर लाथा मारायचं, पायाशी पिलं चोखत असायची, आणि मी बाहेर गाडीचे घुंगरू वाजतात का ते ऐकत असायचे. "मेले, घे ना तिच्या हातचं," म्हणून मी मोगरीला एकदा चापट मारली. तिने माझाच हात चाटला. तिचा मला आला तेवढा राग सासूचाही कधी आला नव्हता.

सातवा निम्मा झाला आणि बाबा आला. गाडीत गुडघाभर पेंढा, त्यावर आईने शिवलेली नवी गोधडी. हिसके बसू नयेत म्हणून. माझं गाठोडं कधीचं बांधून तयार होतं.

जेवताना सासऱ्यांनी विषय काढला. "याही, पिलं इकली की आमीच आनून सोडू तिला."

"नाय," बाबा म्हणाला. "आयशीने सांगितलंय तिच्या, पोरीला घेतल्याबिगर येऊ नको."

मी चुलीपाशी होते. इतका हलका जीव मला त्या घरात कधी वाटला नव्हता.

मग सासरे त्याला गोठ्यात घेऊन गेले. मोगरीने त्याला ओळखलं, शेपटी हलवत त्याच्या पायात लोळली. बाबाने सहावं पिलू उचललं. सगळ्यांत दांडगं, छातीवर पांढरा पट्टा. त्याने त्याचं तोंड उघडून बघितलं, पंजे दाबून बघितले.

"हे राघोच्या मोजनीत नाय," सासरे हळूच म्हणाले. "हितं राह्यलं तर घावंल. तुमी न्या. शेळीच्या दुधावर जगंल. आटगावला कोनी रेल्वेचा साहेब घेल, धा रुपये कुठं गेलं नायत. सगळं तुमचंच. बाळंतपन आमी करतो, तो पन खर्च वाचला तुमचा."

बाबा बराच वेळ पिलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. मी दारात गाठोडं घेऊन उभी होते. तो माझ्याकडे बघेल, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने पिलाकडेच बघत विचारलं, "सुईन हितं पन आसंल ना?"

"मी हाय की," धोंडीबाई म्हणाली.

"बाबा, मला ने," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. "मी मरेन हितं."

"असं बोलू नये गो," बाबा म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.

पिलू गोधडीवर बसलं. दोनदा गोल फिरलं आणि मऊ जागा बघून झोपलं. आत मोगरी साखळीला हिसके देत ओरडत होती, आणि धोंडीबाई मला हाक मारत होती, "ए, जा, तिला गप कर."

मी गेले नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी किन्हवलीत घुंगरू वाजतील. आई माझ्यावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात येईल, आणि बाबा गाडीतून पिलू उतरवील.