हरलेल्या नगराध्यक्षांचा दवाखाना

आमच्या देशात लोकशाही नुकतीच आली होती. पहिल्या निवडणुकीत आमच्या शहरानं दातांच्या डॉक्टरांना नगराध्यक्ष केलं. लष्करी राजवटीत लोक निर्धास्तपणे तोंड उघडत ते फक्त त्यांच्यासमोर, त्यामुळे त्यांची ओळख दांडगी होती. दुसऱ्या निवडणुकीत मात्र ते सपशेल पडले आणि छापखानावाल्या बाई निवडून आल्या.

आता हरल्यावर काय करायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आधीचे सत्ताधारी एकतर खुर्चीत मरत, नाहीतर विमानानं पळून जात. डॉक्टरांची दोन्हीला तयारी नव्हती, म्हणून ते पालिकेतल्या आपल्या खोलीला आतून कडी लावून बसले. सोबत त्यांचा मेहुणा. तो पाणीपुरवठ्याचा प्रमुख होता. पाणी तहान लागल्यावर पितात, एवढी माहिती त्याला होती.

"भावोजी, उठायचं नाही," मेहुणा म्हणाला. "मोजणीत घोटाळा झाला म्हणा. मी पोरं गोळा करतो. जनतेला असं वाऱ्यावर सोडायचं का?"

"अरे, जनतेनंच मतं नाही दिली आपल्याला."

"म्हणूनच तर तिला वाचवायचं."

डॉक्टरांना हे हळूहळू पटायला लागलं. बाहेर फौजदार उभा होता. हुकूम कुणाचा मानायचा हे कळेना, म्हणून तो येईल त्याला सलाम ठोकत होता.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. त्याही दातांच्याच डॉक्टर. नवरा शहराचं भलं करत होता तेव्हा घर त्यांच्या दवाखान्यावर चाललं होतं. त्यांनी दार वाजवलं.

"अहो, कडी काढा. बेकरीवाल्याची अक्कलदाढ आडवी आलीये. माझ्या एकटीच्यानं निघायची नाही."

"इथे लोकशाहीचा प्रश्न आहे," आतून आवाज आला.

"असू दे. त्याचा गाल सुजलाय."

"मी बाहेर आलो तर त्या बाई मला आत टाकतील."

"कशाला टाकतील? त्यांच्या दोन दाढा भरायच्या राहिल्यात."

आतून कडी जराशी हलली, पण निघाली नाही. मग डॉक्टरीणबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला इथून उठून जायला जागा आहे, म्हणून बोलावतेय. ती नसती तर मीही म्हटलं असतं, बसा."

कडी निघाली. फौजदारानं सलाम केला. डॉक्टर रस्त्यानं मान खाली घालून चालले, पण कुणी दगड मारला नाही. उलट एकीनं विचारलं, उद्या किती वाजता उघडणार? दाढ काढताना त्यांनी दोनदा चुकीचा चिमटा उचलला. इतके दिवस नुसत्या सह्या केल्या होत्या. दाढ निघाली तेव्हा मात्र त्यांना फार दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटलं.

पुढे परदेशी विद्वान आले आणि आमच्या प्रगल्भ राजकीय संस्कृतीवर जाड अहवाल लिहून गेले. अक्कलदाढेचा त्यात उल्लेख नाही.

मेहुणा मात्र त्या दिवशी खोलीतून हललाच नव्हता. जाणार कुठे बिचारा? संध्याकाळी छापखानावाल्या बाई आल्या आणि समोर बसल्या.

"तुम्हाला काय येतं?" त्यांनी विचारलं.

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "मोठ्यानं बोलता येतं."

बाईंनी त्याला बस डेपोत गाड्या पुकारायची पक्की नोकरी दिली, पेन्शनसकट. पोरं गोळा करायची भाषा त्यानं पुन्हा कधी काढली नाही. नगराध्यक्ष कुणीही होवो, तो म्हणतो, निवडणुका तेवढ्या शांततेत व्हाव्यात. दंगल झाली की गाड्या बंद पडतात.