बाकावर बसवलेली धुरपता

मित्रांनो, बिलोलीच्या वाटेवरचं मी एक जुनं स्टेशन. निजामाच्या अमदानीत मला काळ्या दगडात बांधलं, तेव्हा आख्खं गाव बघायला लोटलं होतं. मला केवढा गर्व झाला! मग कळलं, चाकं गाड्यांना दिलीत, मला नाहीत. कुणाला वाचवायला धावता येत नाही, की पळूनही जाता येत नाही.

निजामीचं ते शेवटचं वर्ष. व्यंकटीनं चावडीवर तिरंगा लावला आणि तो सरहद्दीपलीकडे पसार झाला. पुढं आई आजारी म्हणून दुपारच्या गाडीनं तो गुपचूप येणार होता. कुणीतरी चुगली केली. निजामाच्या दोन बंदूकवाल्यांनी त्याच्या बायकोला, धुरपताला, माझ्या बाकावर आणून बसवलं.

"हितून हलायचं न्हाई. आवाज काढलास तर नवरा गेलाच समज," एक जण म्हणाला आणि दोघं खांबाआड लपले. बायकोला बघून व्यंकटी बिनघोर उतरावा, एवढाच त्यांचा डाव.

माझा तर दगडातल्या दगडात जीव गुदमरला. सिग्नल पडला. पाणी पाजणाऱ्या सगुणाबाईला धुरपता म्हणाली, "मावशी, उन्हानं कसंतरी होऊन राहिलं. पाणी द्या."

तिनं तोंडावर पाणी मारलं, पदरानं खसाखसा पुसलं. कपाळावरचं कुंकू पार गेलं. सगुणाबाईनं तांब्या खाली ठेवला. नवरा जिवंत असताना बाईनं आपल्या हातानं कुंकू पुसायचं? खांबाआडच्यांना मात्र पत्ताच नाही.

गाडी आली. व्यंकटीचा एक पाय पायरीवर होता. त्यानं बायकोचं मोकळं कपाळ बघितलं आणि पाय वर घेतला. गाडी निघून गेली. बंदूकवाले हात चोळत बसले.

त्यानंतर धुरपता रोज गाडीच्या वेळेला यायची, तशीच, बिनकुंकवाची. गाव नाही नाही ते बोललं. ती सगुणाबाईला एवढंच म्हणायची, "हे लोक हाएत तवर त्यानं उतरू न्हाई."

निजामी गेली. धुरपता ठसठशीत कुंकू लावून आली आणि व्यंकटी उतरला.

"त्या दिशी लई भ्यालो," तो म्हणाला. "वाटलं, मीच मेलो जणू."

धुरपता हसली आणि हसता हसता रडायला लागली.

मित्रांनो, तो बाक अजून आहे. त्यावर नाव कोरायला तुम्ही खिळा काढता, तेव्हा मला लागतं. आधी जरा बसा. मग वाटेल तेव्हा उठा. तुम्हाला उठता येतं.