प्रेमिलाच्या हातचं रोप

हुडकेश्वरच्या प्रेमिलाचं वांग्याचं रोप सक्करदऱ्यात दर हंगामाला खपायचं, पण ते तिचं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हातारा रुपराव माळी ते दारोदार विकायचा. एकोणसत्तर साली रुपरावचा पाय मोडला, तेव्हा दोनशे रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून प्रेमिला स्वतःच रुपरावच्या जुन्या गिऱ्हाईक यमुताईंच्या दारी गेली.

"रुपराव काहून नाही आला?"

"पाय मोडला त्याचा. रोप तसंही माझंच असते, बाई."

"तुझं? कुठली वं तू?"

"हुडकेश्वरची. बौद्ध वस्तीतली."

यमुताईंचा चेहरा उतरला. "इतके वर्षं बोलला नाही मेला! ठेव तिथं पायरीखाली. तारा, पाणी आण वं. शिंपडून घेऊ."

सून तांब्या घेऊन आली, पण उंबऱ्यातच थबकली. प्रेमिलाची कानशिलं तापली. तिनं पोतं परत उचललं.

"बी फुटलं तवापासून पाणी मीच घालून राहिली. आता तुमचं नको."

"अवं, वाफे तयार आहेत आमचे!"

"राहू द्या तयार."

ऊन चढलं होतं. उपटलेलं रोप संध्याकाळपर्यंत मातीत गेलं नाही तर संपलंच. घरी आल्यावर नवऱ्यानं, देवाजीनं, पोतं पाहिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"चार थेंबांनी काय झालं असतं?"

"रोपाले काही नसतं झालं. मले झालं असतं."

देवाजीनं अंगणातली बाज उचलून भिंतीला लावली आणि कुदळ घेतली. दिवस मावळेपर्यंत दाराच्या पायरीपर्यंत वांगीच वांगी लागली. सात रोपं मेली. बाकीच्यांनी दिवाळीपर्यंत भरभरून फळ दिलं.

पुढच्या वर्षी प्रेमिलानं वाफे दुप्पट केले, पण रोप रुपरावकडे दिलं नाही, की स्वतः डोक्यावर पोतं घेतलं नाही. ज्याला रोप हवं, त्यानं तिच्या अंगणात यावं, असं तिनं बाजारात सांगून टाकलं. "कोणी येणार नाही," देवाजी म्हणाला. पहिले आठ दिवस खरंच कुणी फिरकलं नाही. रोप वाढून लांबायला लागलं, तरी ती हटली नाही.

नवव्या दिवशी तारा आली. एकटीच.

"पन्नास पाहिजे होते."

"सासूबाईले काय सांगाल?"

तारा घुटमळली.

"माझ्याकडून आणलं म्हणून सांगत असाल तरच नेजा. नाहीतर रिकाम्या हातानं जा."

"सांगीन," तारा म्हणाली आणि पदर खोचून वाफ्यापाशी बसली.

यमुताईंनी ते रोप लावलं की फेकलं, हे प्रेमिलानं कधी विचारलं नाही.