सातवा सिलेंडर

आमच्या गाडीच्या इंजिनात सहा सिलेंडर आहेत हे आमच्या हिला पक्कं ठाऊक होतं, कारण गाडी घेतली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवलं होतं. त्यामुळे डॉक्टरांनी मला ऑक्सिजनचा सिलेंडर बरोबर बाळगायला सांगितलं आणि दुकानाचा माणूस तो गाडीत बसवायला आला, तेव्हा ही दारातूनच म्हणाली, "अहो, आधीच सहा आहेत ना त्यात? मग हा सातवा कशाला?"

त्या माणसाला हसावं की रडावं कळेना. मी मात्र खो खो हसलो. हसल्यामुळे मला धाप लागली, आणि धाप लागल्यामुळे सातवा कशाला ते हिला न सांगता कळलं.

गाडी आमची लांबलचक. तीन रांगा, मागे सामानाला जागा, आणि तरीही हिच्या पिशव्या पायाशी. गल्लीत तिला आगबोट म्हणतात. तिचा गडद निळा रंग माझ्या हातचा आहे. गाड्यांना रंग मारण्यात माझा उभा जन्म गेला. पत्र्याच्या बाहेरचं काहीही विचारा, आतलं विचारू नका. बॉनेट उघडलं की माझी अक्कल बंद होते.

रंगाच्या कामात माझ्या उस्तादाने एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती. रंग फवारायच्या बंदुकीचा घोडा दाबला की दम धरायचा. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा एका दमात मारायचा, घोडा सोडला की दम सोडायचा. का, तर श्वासाबरोबर खांदा हलतो, खांद्याबरोबर हात, आणि हात हलला की रंग ओघळतो. शेजारी बंदुकीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर कण्हत असायचा. तो कण्हायला लागला की माझी छाती आपोआप बंद व्हायची. तोंडाला फडकं बांधायचं आम्हाला कधी सुचलं नाही. दम धरलाय म्हणजे रंग आत जातोच कुठे, असा आमचा हिशेब. गेला. जायचा तेवढा सगळा गेला.

तर आता फुप्फुसांचं इस्पितळ घाटाच्या पलीकडे आहे. तिथे दर महिन्याला जायचं, यंत्रावर फुंकायचं, एक हसतमुख बाई श्वासाचे व्यायाम करून घेते ते करायचे. मागच्या खेपेला चिरंजीव गाडी चालवत होते. चिरंजीव बँकेत आहेत आणि गाडीही बँकेसारखीच चालवतात, म्हणजे पुढचा हलल्याशिवाय हलत नाहीत. घाटात पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये भरलेली आगबोट. चिरंजीवांनी पाय दाबला की इंजिन नुसतं कण्हायचं, पुढे सरकायचं नाही. मला धाप लागली. मी ऑक्सिजनचा नळ मोठा केला. तरी धाप थांबेना, मी आणखी मोठा केला, आणि सिलेंडरचा काटा लालकडे घसरायला लागला.

माझ्या शेजारी भिंगरी बसली होती. भिंगरी म्हणजे माझी नात. जेवतानासुद्धा ती ताटाभोवती फिरत असते, म्हणून हे नाव. ती त्या दिवशी हाताची घडी घालून, मान वाकडी करून, काट्याकडे बघत बसली होती. अजिबात हलली नाही. "आजोबा, अजून थोडं खाली गेलं," एवढंच मधूनमधून सांगायची. इस्पितळाच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या नाकी नऊ आले होते, मला चाकांच्या खुर्चीतून आत नेलं, आणि ती पोरगी खुर्चीबरोबर शहाण्यासारखी चालत होती. मला धाप सहन होते. ते शहाणपण सहन होईना.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की यापुढे घाट बंद. ज्या गाडीत नातीला माझा श्वास मोजत बसावं लागतं, त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही.

मग घरात सगळ्यांनी मला फैलावर घेतलं. हिने अबोला धरला आणि अबोल्यातच बरंच काही बोलली. चिरंजीव म्हणाले, अँब्युलन्स मागवू. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. मग म्हणाले, दुसरा सिलेंडर घेऊ. म्हणजे भिंगरीला बघायला दोन काटे! शेवटी डॉक्टरांचा फोन आला. असेच घरी बसून राहिलात तर पुढचा हिवाळा अवघड जाईल, म्हणाले. अवघड म्हणजे किती अवघड, ते मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि तासभर खिडकीतून आगबोटीकडे बघत बसलो.

सूनबाई तेवढी काही बोलली नाही. तिचं इंजिनांचं वर्कशॉप आहे. लोक तिच्याकडे आपल्या गाड्या पळवायला आणतात, म्हणजे अधिक पळतील अशा करून घ्यायला. चिरंजीवांनी तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा खरं तर तिनेच त्यांना आणलं होतं. ती चालवत होती आणि हे शेजारी पिवळे पडून बसले होते. तेव्हाच ती मला आवडली.

ती म्हणाली, "बाबा, गाडी जरा तपासायची आहे. मागे वजन हवंय. बसता का?"

सासऱ्याला वजन म्हणून वापरणारी सून मी तरी दुसरी पाहिली नाही. बसलो. घरामागच्या टेकाडावर तिने गाडी खालपासून वरपर्यंत नेली, मग पुन्हा, मग पुन्हा. रस्त्याइतकीच ती आरशात बघत होती. वर गाडी थांबवून मागे वळली.

"बाबा, इंजिन कण्हायला लागलं की तुम्ही दम धरता."

"काहीतरीच काय."

"धरता. पार वर येईपर्यंत. मग धाप लागते, मग तुम्ही नळ मोठा करता."

मी वाद घालणार होतो, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. चढावरची आगबोट आणि माझा जुना कॉम्प्रेसर, दोघांचं कण्हणं अगदी एक. हातात बंदूक नव्हती, समोर दार नव्हतं, आणि मी मागच्या सीटवर बसून इमानेइतबारे पट्टा मारत होतो.

"ठीक आहे," मी म्हणालो, "आता कळलं ना, मग नाही धरणार."

"बघा सोडून."

पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. इंजिन कण्हलं, छाती बंद. मी मांडीवर हात आपटला तरी बंद.

सूनबाई हसली नाही. म्हणाली, "राहू दे. सवय तुमची जायची नाही. आपण आवाज घालवू."

दुसऱ्या दिवशी आगबोट वर्कशॉपात गेली आणि मीही गेलो. तिथे काचेची एक खोली आहे, तिच्यात धूर येत नाही. तिथे माझी खुर्ची मांडली. काचेतून मी बघायचो आणि ती एकेक वस्तू दाखवायला आत आणायची.

पहिल्यांदा तिने ब्रेक मोठे केले. मी म्हटलं, अगं, पळवायचीय की थांबवायचीय? तर म्हणाली, दम वाढवायचा तर आधी थांबायची सोय हवी. मग मागच्या स्प्रिंगा बदलल्या, कारण सगळे बसल्यावर आगबोट मागून बुडत होती. चिरंजीव संध्याकाळी डोकावले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अगं, पोरीला शाळेत सोडायची गाडी आहे ही. शर्यतीला न्यायची का?"

"शर्यतीच्या गाडीला वरचा वेग लागतो. मला खालचा दम हवाय," ती म्हणाली. "जा, घरी जाऊन भाजी चिरून ठेव."

चिरंजीव गेले. त्यांचा हा गुण मी मान्य केला पाहिजे.

एक दिवस तिने जुना एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा नळ, काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत बोट घालून बघितलं तर मध्येच चेपलेला, वाट अगदी चिंचोळी. ती म्हणाली, "सगळे म्हणतात गाडीला हवा कमी पडते. पण जुनी बाहेर पडल्याशिवाय नवी शिरणार कुठे?"

हेच डॉक्टरांनी मला कागदावर फुप्फुसं काढून समजावलं होतं. तुमचा त्रास श्वास घेण्याचा नाही, सोडण्याचा आहे, ओठ मिटून फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडा. मी मान डोलावली होती आणि जोरजोरात आत ओढतच राहिलो होतो. आता ते नळकांडं मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा नीट फुंकर घातली. सूनबाई पाना पुसत उभी राहिली आणि माझं होईपर्यंत थांबली.

नवा रुंद एक्झॉस्ट बसला. मग टर्बो आला. दिसायला गोगलगायीसारखा. सोडलेल्या धुराच्या जोरावर त्यातलं एक चक्र फिरतं आणि दुसऱ्या बाजूने ताजी हवा इंजिनात ढकलतं, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "सूनबाई, असला एखादा मला बसवता येईल का गं?"

"तुमचं बॉनेट मला उघडता येत नाही, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर घाटापलीकडे न्यायचंय तुम्हाला."

आणि घाईघाईने बाहेर गेली. काचेतून मला तिची फक्त पाठ दिसत होती.

चाचणीला सगळे निघालो. टेकाडावर आगबोट अशी चढली की हिने पुढची सीट धरली. कण्हणं गेलं होतं. पण त्याच्या जागी शिट्टी आली होती, बारीक, लांब, पाय दाबला की सुरू. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. चिरंजीवसुद्धा "वा!" म्हणाले. मी आरशात बघितलं तर सूनबाई माझ्याकडे बघत होती, आणि माझी छाती बंद होती. शिट्टीही बंदुकीसारखीच होती की हो! रंग सुटताना अशीच वाजायची ती.

"चालेल गं," मी दम सोडत म्हणालो. "होईल सवय."

"मला नाही चालणार," ती म्हणाली.

एवढं सगळं बसवलेलं तिने पुन्हा उघडलं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याची नाटकं. गिऱ्हाइकं तिला त्या शिट्टीसाठी जास्तीचे पैसे देतात, आणि ही बाई ती घालवण्यासाठी हवेची पेटी नवी करत होती, आतून अस्तर लावत होती, कॉम्प्युटर जोडून पुन्हापुन्हा तेच टेकाड चढत होती. दर वेळी मागे वजन म्हणून मी. मला माझ्या आईने चालायला शिकवलं असेल तेव्हा एवढा वेळ दिला असेल. त्यानंतर माझ्यासाठी कोणी असा जीव पाखडला नव्हता. हे तिला सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज "आज जरा बरी चढली" एवढंच म्हणायचो.

शेवटी घाटाचा दिवस उगवला. सूनबाई चालवायला, चिरंजीव शेजारी, मध्ये ही आणि हिच्या पिशव्या, मागे भिंगरी, मी आणि सातवा. मी आधीच अट घातली होती. चढावर दम लागला की तिथून मागे फिरायचं, आणि पुन्हा कोणी विषय काढायचा नाही. सूनबाईने "कबूल" म्हटलं, पण गाडी सुरू करण्याआधी तिने हात पँटला पुसले. तिच्या हाताला घाम आलेला मी कधी पाहिला नव्हता.

चढ लागला. भिंगरीने हाताची घडी घातली आणि मान वाकडी करून काट्याकडे बघायला लागली. मी खिडकीची कड धरली. आता कण्हेल, आता कण्हेल, म्हणून कान टवकारले.

तेवढ्यात पुढे एक पिवळा ट्रक आला. नवाकोरा रंग मारलेला, आणि दारावरून रंगाचे असे ओघळ आलेले की जणू ट्रक रडतोय. माझं डोकंच फिरलं.

"बघ, बघ तो रंग! ह्याला रंग म्हणतात? कुणी मारला, बादलीने ओतला का?"

"अहो, दमाने," ही म्हणाली.

"दमाने काय! अगं, पहिला हात सुकू द्यायचा असतो. ह्या माणसाने ओल्यावर ओला मारलाय. आणि कोपरा बघ, घोडा दाबूनच थांबलाय तिथे!"

ट्रक कधी मागे पडला ते मला कळलं नाही, कारण मी तोवर उस्तादावर आलो होतो. उस्तादाने एकदा मालकाच्या टोपीला गाडीच्या रंगाचा हात कसा मारला होता, ते सांगत होतो. ही हसत होती. ती गोष्ट हिने किती वेळा ऐकलीय देव जाणे, तरी हसत होती. मग मी चिरंजीवांना सांगायला लागलो की लहानपणी त्यांनी माझ्या ताज्या रंगावर पंजा कसा उमटवला होता.

"बाबा," सूनबाई मध्येच म्हणाली. "घाट संपला."

"कधी?"

खिडकीबाहेर उतार होता, खाली गाव होतं आणि इस्पितळाचं पांढरं छत दिसत होतं. काटा बघावा म्हणून मी भिंगरीकडे वळलो. भिंगरी माझ्या दंडावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपली होती. माझी एवढी बडबड चालू असताना झोपली होती. काटा निघताना होता त्याच्या आसपासच होता, पण तो बघायची तिला गरजच वाटली नव्हती.

माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, भांडं भरून वाहिलं. मी ओठ मिटून सावकाश फुंकर घातली, भिंगरीचे केस हलले, पण ती उठली नाही.

"सूनबाई," मी म्हणालो, "तुझे उपकार आहेत गं माझ्यावर. फार मोठे आहेत."

आरशात तिचे डोळे दिसले. पाण्याने गच्च भरले होते, आणि ती उतारावर गाडी चालवत माझ्याकडेच बघत होती.

"रस्त्याकडे बघ!" मी तिला दम दिला.